ब्राचा पट्टा सारखा घसरतोय? आधी छातीखालचा घेर मोजा

मी घरी ब्लाउज शिवते. बावीस वर्षं झाली. शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंचा ब्लाउज माझ्याकडे तीन वेळा परत आला. पहिल्यांदा खांदा उतरतो म्हणून, मग मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे, चुण्या पडतात म्हणून, नंतर टक्सचं, म्हणजे छातीला आकार देणाऱ्या शिवलेल्या घडीचं, टोक जागेवर बसत नाही म्हणून. दोनदा उसवून पुन्हा शिवला. तिसऱ्या वेळी त्यांना पाठमोरं उभं केलं, तेव्हा दिसलं की ब्राची मागची पट्टी खांद्याच्या हाडांपर्यंत वर चढली होती आणि पुढचा भाग तेवढाच खाली आला होता. टक्स मी मापानं बरोबर ठेवले होते. छातीच दीड इंच खाली सरकली होती. अशा वेळी कितीही उसवा, ब्लाउज बसत नाही.

"ब्राचा नंबर किती?" मी विचारलं.

"अडतीस बी. ब्लाउज अडतीस, मग ब्राही अडतीसच ना?"

गाठ इथेच आहे, आणि ती या एका बाईंची नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकींनी ब्राचा नंबर ब्लाउजवरून धरलेला असतो, नाहीतर बारावीत आईनं आणून दिलेला तोच चालू ठेवलेला असतो. उरलेल्यांना तो बाजारातल्या विक्रेत्यानं दिलेला असतो. तुळशीबागेत उभं राहून मी कित्येकदा ऐकलंय: "ताई, तुम्हाला चौतीस बसंल, घेऊन जा." नुसत्या नजरेनं, तेही साडीच्या पदरावरून. बरं, घालून बघायची सोय नाही आणि मागे रांग. आपण मान हलवतो, डबा कागदात गुंडाळून पिशवीत टाकतो. मग वर्षभर, लोकांसमोर सुद्धा, खांद्याशी हात नेऊन पट्टा वर ओढत राहतो.

ब्लाउजचा नंबर म्हणजे छातीचा पूर्ण घेर, जिथे छाती सर्वांत भरलेली असते तिथला. ब्राचा आकडा त्या जागेचा नसतोच. तो छातीच्या खालचा, बरगड्यांवरचा घेर सांगतो, आणि त्याच्यापुढचं अक्षर वरच्या आणि खालच्या घेरातला फरक सांगतं. ज्यांनी कटोरी ब्लाउज शिवलाय किंवा शिवून घेतलाय त्यांना हे लगेच कळेल: खालची पट्टी वेगळी कापायची, कटोरी वेगळी. ब्राचा आकडा म्हणजे पट्टी, अक्षर म्हणजे कटोरी, म्हणजेच कप. अक्षरांची ही पद्धत अमेरिकेतली, १९३२ साली एस. एच. कँप नावाच्या कंपनीनं आणलेली, आणि तेव्हा ती ए ते डी एवढीच होती. आपल्याकडे शिंप्यांनी कटोरीला कधी अक्षर लावलं नाही. म्हणूनच की काय, आपण दुकानात जाऊन फक्त आकडा सांगतो आणि अक्षर विसरतो.

माप घेताना

टेप शिवणकामाचा, मऊ हवा. जुना असेल तर आधी स्टीलच्या पट्टीवर ताडून पाहा. वापरून वापरून टेप ताणला जातो. माझ्याकडचा एक असाच अर्धा इंच लांबला होता, आणि मी महिनाभर सगळ्यांना घट्ट ब्लाउज देत बसले होते. टेप नसेल तर सुतळी गुंडाळा, खूण करा आणि पट्टीवर मोजा.

माप ब्रा काढून घ्या. ते नको वाटत असेल तर पातळ, पॅड नसलेली ब्रा ठेवा. पॅडेड ब्रावरून घेतलेलं माप तुमचं नसून त्या फोमचं असतं.

पहिलं माप खालचं. छाती जिथे संपते, तिथे बरोबर खाली टेप फिरवा, श्वास सोडा आणि टेप अंगाला नीट घट्ट लावून आकडा वाचा. रुतायला नको, पण सैलही नको. चूक बहुतेक वेळा पाठीत होते. पुढे टेप सरळ असतो आणि मागे चार बोटं खाली घसरलेला असतो, आणि मग घेर उगाच वाढतो. आरशाकडे एक बाजू करून उभं राहून बघा, नाहीतर घरातल्या कुणाला तरी टेप धरायला लावा. लाज वाटत असेल तर बहिणीला सांगा, पण पाठीतला टेप जमिनीला समांतर हवाच.

दुसरं माप वरचं, आणि ते दोनदा. एकदा ताठ उभं राहून, एकदा कमरेत वाकून, पाठ ओट्यासारखी आडवी करून. बाळाला पाजून झाल्यावर, वजन उतरल्यावर किंवा वयानं छाती सैल झालेली असेल, तर उभं राहून घेतलेल्या मापात ती पूर्ण येत नाही. वाकल्यावर सगळी एका जागी येते. दोन्ही आकड्यांची सरासरी काढा. फरक दोन इंचांच्या वर असेल तर वाकून घेतलेल्या मापाकडे झुका. या वेळी टेप नुसता टेकवायचा, दाबायचा नाही.

पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस सोडून द्या. तेव्हा छाती भरलेली आणि दुखरी असते, माप मोठंच येतं.

एकाच अंगाला तीन नंबर

आता त्या बाईंचं माप सांगते, कारण खरी डोकेदुखी इथून सुरू होते. खालचा घेर साडेएकतीस इंच, म्हणजे ८० सेंमी. वरचा ३८ इंच, म्हणजे साधारण साडेशहाण्णव सेंमी. हे दोन आकडे त्यांनी मोबाइलवर तीन ठिकाणी घातले आणि तीन उत्तरं आली. त्या म्हणाल्या, "मापच चुकलं." माप बरोबर होतं. रीती तीन होत्या.

पहिली, जुनी रीत: खालच्या घेरात चार किंवा पाच इंच मिळवायचे. साडेएकतीसचे बत्तीस धरले, अधिक चार, झाले छत्तीस. वरचा ३८, फरक दोन इंच. एक इंचाला ए, दोनला बी. उत्तर ३६ बी.

दुसरी, अलीकडची रीत: काही मिळवायचंच नाही. खालचा घेर जवळच्या सम आकड्याला न्यायचा, म्हणजे ३२. फरक सहा इंच. ए, बी, सी, डी, डीडी, ई अशी मोजणी केली की सहावं अक्षर ई. उत्तर ३२ ई. हे ऐकून बाई हसायलाच लागल्या.

तिसरी, युरोपातली, सेंटिमीटरची रीत: ७८ ते ८२ सेंमी घेराला ८० म्हणतात. फरक १२ ते १४ सेंमी असेल तर ए, १४ ते १६ बी, १६ ते १८ सी, १८ ते २० डी. त्यांचा फरक साडेसोळा, म्हणून ८० सी. हा ८० म्हणजेच आपल्या डब्यावरचा ३६. उत्तर ३६ सी.

ही तीन उत्तरं वाटतात तितकी लांब नाहीत. कटोरीचं आकारमान पट्टीबरोबर वाढतं. म्हणजे ३२ ई, ३४ डीडी आणि ३६ डी यांच्या कटोऱ्यांत जवळपास सारखंच मावतं, फरक पट्टीचा. पट्टी एक नंबर वर गेली की अक्षर एक घर मागे येतं. हे एकदा समजलं की तीन उत्तरांचा अर्थ उरतो एवढाच: पट्टी छत्तीसच्या आसपास, कटोरी बी ते डीच्या मध्ये कुठेतरी. सुरुवात मधल्यापासून करायची.

डब्यावरचा आकडा इंच आहे असंही धरू नका. युरोपातला ७५ हा ७३ ते ७७ सेंमी घेरासाठी असतो, म्हणजे साडेएकोणतीस इंचांच्या आसपास, आणि त्याचंच इंचातलं नाव ३४. त्या ब्रामध्ये चौतीस इंच कुठेच सापडत नाहीत, ते नुसतं नाव. परदेशातून भाची-पुतणी काही घेऊन आली तर आणखी गंमत: जर्मनीतली ७५ बी, फ्रान्समधली ९० बी आणि ऑस्ट्रेलियातली १२ बी, तिन्ही एकच. म्हणून ज्या कंपनीची ब्रा घेणार, तिचाच तक्ता पाहायचा, आणि त्यातही जिथे छातीखालचा घेर सेंटिमीटरमध्ये दिलाय तो रकाना. डीच्या पुढे काही कंपन्या डीडी लिहितात, काही थेट ई. तिथे अक्षरावर विसंबू नका, तक्त्यातलं माप बघा.

घातल्यावर काय बघायचं

नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर बसली पाहिजे. आतले हूक पुढच्या दिवसांसाठी असतात. इलॅस्टिक सैल पडत गेलं की आत सरकायचं. पहिल्याच दिवशी आतल्या हुकावर बसत असेल तर सहा महिन्यांनी ती निरुपयोगी.

हूक लावल्यावर थोडं पुढे वाका आणि उजव्या हातानं डावी, डाव्या हातानं उजवी बाजू काखेच्या बाजूनं उचलून कटोरीत नीट बसवा. हे न करताच अनेक जणी "कप मोठा होतोय" म्हणून ब्रा परत करतात. मग सरळ उभं राहा आणि दोन्ही पट्टे खांद्यावरून खाली सोडा. ब्रा जागच्या जागी राहिली पाहिजे. लगेच खाली घसरली तर पट्टी सैल आहे, कारण वजन पट्टीनं पेलायचं असतं, खांद्याच्या पट्ट्यांनी नाही. मागच्या पट्टीखाली दोन बोटं जेमतेम जावीत.

घालून बघता येत नसेल तर निदान पट्टीला टेप लावा. हूक लावून सपाट ठेवा, दोन टोकांना धरून आरामात ताणा, एका बाजूची लांबी मोजा आणि दुप्पट करा. एवढ्या ताणानं ती तुमच्या खालच्या घेराला पोचली पाहिजे. न ताणताच पोचत असेल तर तो डबा परत द्या.

आता तक्रारींकडे.

पट्टा घसरतो

पहिली चूक म्हणजे पट्टा आखडून घेणं. मागची पट्टी सैल असताना खांद्याचा पट्टा घट्ट केला की तो पट्टी पाठीत वर ओढतो. पट्टी वर गेली की पुढचा भाग खाली येतो. मग पट्टा आणखी घट्ट करायचा. त्या शिक्षिकांचं हेच चाललं होतं, खांद्यावर खोलगट वळ उठले होते. वर सांगितलेली पट्टे सोडायची परीक्षा करा. ब्रा खाली आली तर पट्टी एक नंबरनं कमी आणि अक्षर एकानं पुढे. ३८ बी असेल तर ३६ सी.

पट्टी नीट असून पट्टा घसरत असेल तर दोष तुमच्या खांद्यात किंवा त्या ब्राच्या कापात. काहींचे खांदे उतरते किंवा अरुंद असतात आणि अनेक ब्रांचे पट्टे बाहेरच्या टोकाला शिवलेले असतात. अशांनी पट्टे पाठीत जवळ येणारा काप घ्यावा, किंवा मागचे पट्टे जोडणारी छोटी क्लिप लावावी. मी अशा बायकांच्या ब्लाउजला आतून खांद्याच्या शिवणीवर दोन इंचांची पट्टी लावून तिला टिचबटण देते. ब्राचा पट्टा त्यात अडकवला की दिवसभर हलत नाही. तुमच्या टेलरला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे.

दाटतंय म्हणून मोठा नंबर

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. कटोरीच्या काठावरून छाती वर येते, ब्लाउजमधून चार फुगवटे दिसतात, आणि आपण ३४ बी सोडून ३६ बी आणतो. काठावरचं दाटणं थोडं कमी होतं, कारण ३६ बीची कटोरी मोठीच असते, पण पट्टी दोन इंचांनी सैल होते. महिनाभरात पट्टा घसरायला लागतो आणि आपण पुन्हा वरच्या परिच्छेदाशी येऊन पोचतो. कटोरी लहान पडत असेल तर अक्षर वाढवा: ३४ सी. विक्रेता "सी नाही, ३६ बी घ्या, एकच आहे" म्हणेल. कटोरीपुरतं ते खरं आहे, पट्टीसाठी नाही. उलट पट्टीच रुतत असेल, आणि बाहेरच्या हुकावर सुद्धा श्वास अडकत असेल, तरच ३६ बी.

तार असलेल्या ब्रामध्ये हे ओळखणं सोपं जातं. दोन कटोऱ्यांमधला तुकडा छातीच्या हाडाला टेकला पाहिजे. तो अधांतरी राहत असेल किंवा तार छातीच्या मासावर बसत असेल तर कटोरी लहान. तार काखेत टोचत असेल तरी आधी अक्षर वाढवून बघा. उंची कमी असलेल्यांना मात्र काही तारा मुळातच लांब पडतात. त्यांनी बाजूला कमी उंचीची ब्रा शोधावी. तारेच्या ब्रानं कर्करोग होतो ही भीती निराधार आहे. टोचते म्हणून घालायची नसेल तर नका घालू, तेवढं कारण पुरेसं आहे.

कटोरी वरून रिकामी

लगेच अक्षर कमी करू नका. ज्यांची छाती खाली भरलेली आणि वर सपाट आहे, त्यांना साच्यातल्या गोल, फोमच्या ब्रा वरून पोकळ राहतात, मग नंबर कुठलाही असो. शिवण असलेली, मऊ कापडाची किंवा वरून कमी उंचीची कटोरी घ्या. एक बाजू दुसरीपेक्षा मोठी असणं अगदी नेहमीचं आहे. नंबर मोठ्या बाजूचा घ्यायचा आणि लहान बाजूला पातळ पॅड सरकवायचा. फरक अलीकडेच पडला असेल, गाठ लागत असेल, कातडीला खळी पडली असेल किंवा बोंडातून स्राव येत असेल, तर टेप बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.

महिनाभर बरी होती, मग बिघडली

हा नंबराचा दोष नसतो. आपल्याकडे ब्रा वाळते कुठे? टॉवेलखाली, परकराखाली, न्हाणीघरातल्या खिळ्यावर. पावसाळ्यात तर दोन-दोन दिवस ओलसर. ती दमट ब्रा तशीच घातली जाते. छातीखाली घाम, त्यावर ओलं इलॅस्टिक, आणि मग खाज, लाल चट्टे. सासूबाईंना उघड्या दोरीवर ब्रा दिसली तर काय, या काळजीत कातडीची किंमत मोजायची का, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी माझी वाऱ्यावर घालते. चट्टे आले तर औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेली मलमं आणून चोळू नका. नायटा असेल तर तो त्यानं हटवादी होतो. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

इलॅस्टिक गरम पाण्यानं, पिळण्यानं आणि कडक उन्हानं मरतं. थंड पाणी, साबण कमी, पिळायच्या ऐवजी टॉवेलात दाबून पाणी काढायचं, सावलीत वाळवायचं. एकच ब्रा रोज घालू नका. तीन असतील तर आळीपाळीनं घातल्यावर प्रत्येकीच्या इलॅस्टिकला सावरायला वेळ मिळतो.

माप एकदा घेतलं म्हणजे जन्माचं झालं, असंही नाही. गरोदरपणात, पाजणं थांबल्यावर, पाच-सहा किलो वजन वरखाली झाल्यावर, पाळी जाताना पुन्हा टेप काढा. वाढत्या मुलींचं दर सहा महिन्यांनी, आणि त्यांना मोठ्या बहिणीच्या ब्रा वापरायला देऊ नका.

त्या शिक्षिकांचं काय झालं ते राहिलंच. आधी ३६ सी आणली. पाठीतली पट्टी जागेवर राहिली, पण मधला तुकडा हाडाला टेकेना आणि काठावर थोडा फुगवटा होता. तेही साहजिकच, कारण ३८ बी आणि ३६ सीची कटोरी एकच. मग ३६ डी. ती बाहेरच्या हुकावर बसली. "डी म्हणजे फार मोठं ना हो?" असं त्यांनी दुकानातून फोन करून विचारलं. म्हटलं, चिठ्ठी आतल्या बाजूला असते, कुणाला दिसतेय?

नंतर त्यांनी तोच ब्लाउज पुन्हा घालून दाखवला. छाती दीड इंच वर आल्यामुळे टक्सचं टोक आपोआप जागेवर बसलं होतं. मात्र त्यांचे आधीचे सात ब्लाउज, जे दुसरीकडे जुन्या ब्रावर माप देऊन शिवले होते, ते सगळे आता टक्सशी चुकले. चारांना आत माया (शिवणीत राखलेलं जादा कापड) होती, ते सुधारून दिले. तेव्हा नवा नंबर सापडला की आधी दोन ब्रा आणा, आठवडाभर घाला, आणि मग त्यातली एक घालूनच ब्लाउजचं माप द्यायला जा. टेलरला सांगा, मुंढ्याशी आणि बाजूला माया इंचभर ठेवा.